धागा: राखणदार, शरभ आणि चिखलातली मगर (लेखिकेशी गप्पा)

वायंगण:
मंडळी, रानजाईताईंच्या कादंबरीचा पहिला भाग आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचून संपवलाय आणि सध्या इथं दुसरा विषयच नाही, म्हणून मीच त्यांना म्हटलं की एकदा येऊन बसा, लोकांना काय विचारायचंय ते विचारू देत. विषय कथेतले प्राणी आणि रात्रीचे रखवालदार. शेवट कुणी फोडू नका, अजून काही जण वाचतायत. आणि गोव्यातल्या डिचोली, फोंडा, पेडणे, काणकोण सगळीकडची मंडळी आहेत, मध्येच कोंकणी येणार, पुणे-मुंबईवाल्यांनी सांभाळून घ्या.

रानजाई (लेखिका):
आले. चहा घेऊन बसलेय. एकच अट, "तुम्हाला हे सुचतं कसं" असं विचारायचं नाही, त्याला मी दर वेळी नवीन थाप मारते.

पुण्याचा_पोपट:
ताई, सरळ विचारतो, ड्रॅगन का नाही? आपल्याकडे फँटसी म्हटलं की एकतर ड्रॅगन, नाहीतर पुराणातले सगळे देव सिक्स पॅक काढून तलवारी घेऊन उभे. तुमच्यात अर्धं पुस्तक झालं तरी कुणी कुठल्या प्राण्याला मारतच नाही. खरं सांगायचं तर आधी मला कंटाळा आला, मग कधीतरी भीती वाटायला लागली, आणि ती नेमकी कुठून सुरू झाली ते पानं उलटून बघितलं तरी सापडेना.

रानजाई (लेखिका):
कंटाळा आल्याचं स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं.

मारायचं कशाला पण? मी ज्या गावात वाढले तिथं असल्या गोष्टींशी कुणी लढत नाही, त्यांचा मान ठरलेला असतो. राखणदाराला वर्षाचा सोरो-रोट, म्हणजे दारू आणि रोट, कुठं केळ्यांचा घड, कुठं विडी-काडी. वेताळाला चामड्याच्या वहाणा, कारण तो रात्रभर गावाची शीव फिरतो, वहाणा झिजणारच. हे सगळं इतकं घरगुती आहे की त्यात भीतीदायक काय असं वाटतं, आणि मग एक वर्ष कुणीतरी मान द्यायचा विसरतं. माझी सगळी भीती तिथं आहे.

तर मी कुठलाही प्राणी लिहायला घेतला की दात, नखं, पंख आधी ठरवत नाही. हा कशाची राखण करतो, त्याची हद्द कुठून कुठपर्यंत, त्या बदल्यात गावानं काय द्यायचं आणि नाही दिलं तर काय, एवढं ठरवते. हे ठरलं की शेपूट आपोआप फुटतं. शेपटापासून सुरुवात केली तर नुसतं चित्र होतं, गोष्ट होत नाही.

ड्रॅगनचं म्हणाल तर पाणी अडवून बसलेला वृत्र आपल्याकडे ऋग्वेदापासून आहे आणि इंद्रानं त्याला मारलाच. पण कालिया आठवा. कृष्णानं त्याला मारलं नाही. यमुना सोड, समुद्रात जा म्हणाला, आणि गरुड त्रास देईल म्हणून फण्यावर आपल्या पावलांची खूण ठेवून दिली, म्हणजे हद्दही ठरली आणि संरक्षणाची हमीही. मला तो प्रसंग लढाईपेक्षा तहाचाच वाटतो.

पुण्याचा_पोपट:
कालियामर्दनाचा तह!! आजीला सांगतो आज.

अबोली:
ताई वेताळाबद्दल विचारायचं होतं. आम्ही लहानपणी विक्रम-वेताळ वाचलेले, झाडाला उलटा लटकलेला, राजा बोलला की परत झाडावर. माझं सासर प्रियोळला, लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या चल वेताळाच्या देवळात जाऊन येऊ, तर मी म्हटलं देऊळ?? भुताचं?? त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

काणकोणचे_काका:
अबोली बाय, हसू आवरेना. आमोण्याला आहे, तुमच्या प्रियोळला आहे, आमच्या लोलयेला तर आहेच. लोलयेची मूर्ती पाषाणाची, उंचच उंच, नग्न, समोर उभं राहिल्यावर माणूस आपोआप दोन पावलं मागं सरतो. तो गोष्टीतला वेताळ सोमदेवाच्या कथासरित्सागरातला, अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेला, तो कोडी घालतो. आमचा कोडी घालत नाही, तो गाव सांभाळतो. नाव एकच, पण आमच्याकडचा ग्रामदेव झाला, त्याची जत्रा होते, कौल लागतो, मानकरी ठरलेले. भुतांचा राजा गावात वस्तीला आला आणि गावानं त्यालाच पोलीसपाटील केलं असं समज.

रानजाई (लेखिका):
काका, हे शेवटचं वाक्य ढापतेय. सांगून ढापतेय.

शंकेखोर:
सगळे खूश आहेत म्हणून मी जरा मिठाचा खडा टाकतो. पुस्तक आवडलं. पण ताई, यातून लोकांच्या डोक्यात तेच भरतंय ना पुन्हा? आमच्या वाड्यावर जमिनीची भांडणं आहेत आणि एक माणूस सरळ भावाला सांगतो की तू माड पाडलास तर राखणदार तुझं बघून घेईल, तो भाऊ खरंच घाबरून आजारी पडला, डॉक्टरकडे जायच्या ऐवजी घाडयाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे. तुम्ही शिकलेल्या बायकांनी देवचाराला, म्हणजे याच राखणदाराला, हिरो केल्यावर आम्ही काय बोलायचं?

रानजाई (लेखिका):
खडा नाही हो, मीठच आहे हे, हवंच होतं.

माझ्या पुस्तकातला भाटकार, म्हणजे जमीनदार, अगदी हेच करतो, राखणदाराच्या नावानं आपल्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकारांना घाबरवतो, त्याचं काय होतं ते सांगत नाही कारण वायंगण मला धाग्याबाहेर काढेल. देवचार खरा की खोटा हा प्रश्न मी पुस्तकात उभाच केलेला नाही. मात्र खाजनाचा, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या शेतजमिनीचा, बांध खरा आहे. तो फुटला, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नीट बंद झाली नाही, तर नदीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन पुढचे कितीतरी हंगाम कामातून जाते. मग अमावास्येच्या रात्री बांधावर फेरी कोण मारणार? कुणालाच जायचं नसतं. आपल्या आधीच्यांनी तिथं एक राखणदार नेमला आणि त्याला नैवेद्य द्यायच्या निमित्तानं वर्षातून एकदा अख्खा गाव बांधावर उभा केला. बांध कुठं खचलाय ते आपोआप दिसतं. हे माझं म्हणणं झालं, दुसऱ्या कुणाला दुसरं काही दिसेल.

तुमच्या वाड्यावरच्या त्या माणसाला मात्र एवढंच विचारा, की राखणदार गावाचा असतो, तो तुझ्या एकट्याच्या बाजूनं साक्षीला कधीपासून यायला लागला?

शंकेखोर:
पटलं असं म्हणणार नाही पण हे वाक्य वापरणार.

कुंभारजुव्याची_होडी:
बांधाचा विषय निघालाच आहे तर मला मगरीबद्दल बोलू द्या, पुस्तकातलं माझं सगळ्यात आवडतं तेच. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि जुवारीला जोडतो, भरती-ओहोटीचं खारट पाणी, आणि त्यात मगरी आहेत, बोटीतून दाखवायला नेतात पर्यटकांना. ही मगर एरवी गोड्या पाण्यातली, तळ्यात धरणात राहणारी, आमच्याकडे मात्र मचूळ पाण्यात कांदळवनाच्या चिखलात आरामात पसरलेली असते. आणि सांताक्रूझजवळच्या बोंडवोलला पौष महिन्यात माणगें थापणी होते. शेतातल्या चिखलाची मगर थापायची, खरीएवढी मोठी, शिंपल्यांचे खवले, काड्यांचे दात, आणि तिची पूजा, नैवेद्य. खऱ्या मगरीनं बांधावर चालणाऱ्या माणसाला आणि गुराला त्रास देऊ नये, शेत राखावं म्हणून. ताई तुमच्या पुस्तकात ती चिखलाची मगर रात्री उठते तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दिवा लावला.

रानजाई (लेखिका):
होडीबाय, देव बरें करूं! हा पुस्तकातला सगळ्यात कमी कल्पित प्राणी आहे. मी फक्त ती उठवली. बाकी सगळं, चिखल, शिंपले, बांध, लोकांनी करून ठेवलेलंच होतं. आणि विचार करा, जो प्राणी खरोखर माणूस खाऊ शकतो त्याला मारायच्या मोहिमा काढायच्या सोडून त्याचीच मूर्ती थापून त्याच्याशी बोलायचं, ही कल्पना मला कुठल्याही आग ओकणाऱ्या प्राण्यापेक्षा भारी वाटते.

सत्तरीकार:
आमच्याकडे वाघाचं तसंच. वाघ्रो. दगडावर कोरलेला वाघ असतो, गुरं राखणाऱ्यांचा देव. आणि 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ विष घालून मारले, वाघीण आणि तिची पिल्लं. त्याच सत्तरीत. यावर मी काही बोलत नाही, ताईंनी कधीतरी लिहावं.

पेडणेकरीण:
😞

रानजाई (लेखिका):
सत्तरीकार, दुसऱ्या भागात आहे. तिथं मात्र मला राखणदार लिहिताना फार जड गेलं, कारण करार माणसानं मोडला तर पुढं काय होतं हे गाऱ्हाण्यात, म्हणजे गावानं मिळून देवापुढं घातलेल्या मागण्यात, कुठंच लिहिलेलं नसतं. गाऱ्हाण्यात आपण फक्त मागतो, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणतो आणि सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतो.

दर्यावर्दी:
थोडं हलकं करतो. खुद्द गोव्यातून एक 'काल्पनिक' प्राणी युरोपला एक्सपोर्ट झालेला आहे हे किती जणांना माहितेय? पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं गोवा घेतला 1510 ला. नंतर त्याला दीवला किल्ला बांधायचा होता म्हणून गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहकडे वकील पाठवले, सुलतानानं किल्ल्याला नकार दिला आणि वर एक जिवंत गेंडा भेट दिला. घ्या!! आता गेंडा ठेवायचा कुठं, तर यानं तो 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढवून लिस्बनला राजा मानुएलकडे रवाना केला. मे महिन्यात पोचला. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा बघितलेलाच नव्हता, राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला. मग कुणीतरी पत्रात वर्णन आणि एक चित्र काढून जर्मनीला पाठवलं, त्यावरून ड्यूरर या चित्रकारानं, गेंडा जन्मात न बघता, लाकडात ठसा कोरला. अंगावर चिलखताची पत्रं, पायांवर खवले आणि मानेच्या मागं एक जादा शिंग! पुढची दोनशेवर वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणजे हाच. खरा बिचारा लिस्बनमध्ये वर्षभरही नव्हता, पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळीनं बांधलेला, पोहता येत असून बुडाला.

पुण्याचा_पोपट:
म्हणजे गेंडा खरा आणि त्याचं चित्र पौराणिक. जबरदस्त.

रानजाई (लेखिका):
दर्यावर्दी, हे मला माहीत होतं पण एवढं रंगवून सांगता आलं नसतं. यात लिहिणाऱ्याला फार काही घेण्यासारखं आहे. ड्यूररनं ते शिंग खोडसाळपणानं लावलेलं नाही, त्याला मिळालेली माहिती अपुरी होती आणि त्यानं रिकामी जागा मनापासून भरली. क्टेसियास म्हणून ग्रीक वैद्य होता, इराणच्या दरबारात, इसवी सनापूर्वी 400 च्या आसपास. भारतात कधी आलाच नाही आणि भारतावर पुस्तक लिहिलं. त्यात एक शिंगाचं रानगाढव आहे, माणसाच्या तोंडाचा आणि विंचवाच्या नांगीचा लाल पशू आहे. युरोपवाल्यांना आपण म्हणजेच अद्भुत प्राण्यांचं रान होतो.

म्हणून मी कथेतल्या माणसांना प्राणी पूर्ण दिसूच देत नाही. एकानं आवाज ऐकलेला, एकानं चिखलातला ठसा पाहिलेला, एकाला फक्त वास आलेला. तिघं भांडतात आणि त्या भांडणातून प्राणी तयार होतो.

कुळागर:
मग गोव्यात बसून प्राणी तयार करायची परंपरा जुनीच म्हणायची. पोर्तुगीज कवी कामोंइश 1553 ला गोव्यात आला होता, त्याचं महाकाव्य 1572 ला छापलं, त्यात आफ्रिकेच्या टोकाशी उभा असलेला आदामास्तोर नावाचा राक्षस आहे. ग्रीक पुराणातला म्हणून लोक सांगतात पण तो जवळजवळ सगळा कवीचाच. वादळी भूशिराला त्यानं तोंड दिलं, आवाज दिला. आज त्याला सगळे पौराणिक समजतात. म्हणजे पुराण नव्यानं लिहिता येतं, पुरेशी वर्षं गेली पाहिजेत.

रानजाई (लेखिका):
आणि तोही आपल्या हद्दीत जहाजं घुसली म्हणून चिडलेला, बघा. माझ्या यादीत बसतो तो.

गडवेडा_सिंधुदुर्ग:
नमस्कार. शेजारून आलोय. शरभाबद्दल कुणी बोलेना म्हणून मीच. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला असतो, वाघासारखा पण वाघ नव्हे. जंजिऱ्याच्या दरवाजावर आहे, पंजांखाली हत्ती दाबलेले आणि शेपटीतही एक गुंडाळलेला. पुस्तकात शरभ एकदाच येतो आणि तोही म्हातारा, दात पडलेला, हे मला अजिबात आवडलेलं नाही, निषेध.

रानजाई (लेखिका):
निषेध नोंदवला. पण शरभाला म्हातारा का केला ते ऐका. त्याची मूळ गोष्टच अशी की हिरण्यकशिपूला मारल्यावर नरसिंहाचा राग उतरेना, म्हणून शिवानं शरभ होऊन त्याला शांत केलं, असं शैव सांगतात. वैष्णव म्हणाले वा रे वा, मग नरसिंहानं दोन तोंडांचा गंडभेरुंड होऊन शरभालाच धरलं. प्रत्येकानं समोरच्यापेक्षा मोठा प्राणी काढायचा. समुद्रातही तेच, तिमि मासा, त्याला गिळणारा तिमिंगिल, त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल! ही शर्यत कुठंतरी थांबवायला हवी होती, म्हणून माझा शरभ लढून लढून थकलेला आहे आणि आता दरवाजावर नुसता बसून असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला मागच्या लढाया सांगतो, कुणी ऐकत नाही.

गडवेडा_सिंधुदुर्ग:
हं. निषेध अर्धा मागे.

पेडणेकरीण:
दारावरचा म्हटल्यावर कीर्तिमुख आठवलं, देवळाच्या उंबऱ्यावर नाहीतर चौकटीवर असतं ते नुसतं डोकं. त्याची गोष्ट आमचे भटजी सांगायचे पण मला अर्धीच आठवते, स्वतःलाच खातो ना तो?

रानजाई (लेखिका):
हो. जालंधरानं राहूला शिवाकडे पाठवलं, पार्वती मला दे म्हणून. शिवाच्या भुवयांमधून एक भुकेला, सिंहाच्या तोंडाचा प्राणी निघाला, राहूला खायला. राहू पाया पडला, शिवानं त्याला सोडून दिलं. आता या प्राण्यानं करायचं काय? ज्या कामासाठी जन्माला घातला ते कामच रद्द, पण भूक काही रद्द होत नाही. स्वतःला खा म्हटल्यावर त्यानं शेपटापासून सुरुवात केली आणि फक्त तोंड उरलं. मग शिवाला त्याचं कौतुक वाटलं आणि दारावर कायमची जागा दिली. मला विचाराल तर लेखकांनी ही गोष्ट रोज वाचावी. आपणही प्रकरणापुरते प्राणी काढतो आणि काम झालं की त्यांना उपाशी सोडून पुढच्या प्रकरणात जातो.

नवखा_लेखक:
ताई हे मलाच लागलं! माझ्या कथेत सिंहाचं तोंड, घारीचे पंख, मगरीचं शेपूट असा प्राणी आहे. असं मिसळणं चालतं का? मित्र म्हणतो भेळ झाली.

रानजाई (लेखिका):
चालतं की. ओडिया महाभारतात, सारळादासांच्या, नवगुंजर आहे. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाचं शेपूट, पाय हत्तीचा वाघाचा आणि असेच वेगवेगळे, आणि एक हात माणसाचा, त्यात कमळ. अर्जुनानं बाण लावला आणि तेवढ्यात त्याला तो हात दिसला. धनुष्य खाली. बाकीचे सगळे अवयव त्या एका हातासाठी आहेत. तुमच्या प्राण्यात असा कुठला अवयव आहे, ज्याच्यामुळे समोरच्याचं वागणं बदलतं? तो शोधा, बाकीचे कमी करा.

तांबडी_माती:
तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळात एका खांबाच्या पायाशी हत्ती घोड्याला तुडवतोय असं कोरलंय, गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं चिन्ह म्हणतात. पण आपल्या सरकारी कदंबा बसवर तर सिंह असतो?? शाळेपासूनचा प्रश्न.

काणकोणचे_काका:
कदंबांच्या नाण्यांवर सिंह आहे, बसवर तोच. हत्तीचं खांबावरचं शिल्प वेगळं. देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसॉल्टचं. नंदीचं डोकं फुटलेलं आहे त्याकडेही बघून ये पुढच्या वेळी.

शिवोलीचो_पाव:
मी कॅथलिक, मराठी शाळेत शिकलो म्हणून वाचतो. माझा प्रश्न जरा वेगळा. पुस्तकात देव पालखीत बसून नदीपार जातो, खरंच तसंच झालं होतं, पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या काळात मंगेशी कुशस्थळीहून 1560 साली प्रियोळला नेली ना. पण राखणदार मात्र मागं राहतो आणि तो नव्या धर्मातल्या लोकांचीही शेतं राखत बसतो, ते वाचून मी रडलो हे कबूल करतो. आमच्या शिवोलीला जागोर, म्हणजे रात्र जागवून करायचं लोकनाट्य, होतो, नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी. हिंदू-ख्रिश्चन दोघे मिळून. जागऱ्याला मेणबत्त्या, तेल, कुणी बिअरसुद्धा. तो बांधाचा राखणदार. ताई तुम्ही आमच्या जागोरावरूनच घेतलंय ना, खरं सांगा.

रानजाई (लेखिका):
खरं सांगते, घेतलंय. देव हलवता येतो, त्याची मूर्ती असते, पुजारी असतो, पालखी असते. राखणदार हलवायचा कसा, तो तर शिवेलाच बांधलेला. तो बांध, ते वडाचं झाड, तो नदीचा वळसा हेच त्याचं शरीर. खाली माणसांनी नाव बदललं, प्रार्थना बदलली, त्यानं बिचाऱ्यानं मेणबत्तीही चालवून घेतली. या एका गोष्टीसाठीच मी कादंबरी लिहायला बसले. बाकी सगळे प्राणी नंतर गोळा झाले.

फक्त नावं मी बदलते. ज्याची आज पूजा होते तो देव जसाच्या तसा पात्र म्हणून घेत नाही, गावंही कल्पित ठेवते. वागण्याचे नियम मात्र अस्सल ठेवते.

रातकिडा:
साळच्या गड्यांबद्दल, म्हणजे शिगम्यात अंगात येऊन धावणाऱ्या माणसांबद्दल, कुणी लिहिलंच नाही! डिचोली तालुक्यात, शिगम्याला, तीन रात्री. गडे अंधारात धावत सुटतात आणि लोक डोंगराकडे डोळे लावून बसतात, देवचाराच्या चुडी, म्हणजे मशाली, दिसतात म्हणून. मी गेलोय, दिसलं काय ते विचारू नका.

शंकेखोर:
विचारतो. काय दिसलं?

रातकिडा:
गर्दी दिसली 😄

सत्तरीकार:
उजेडाचंच म्हणत असाल तर म्हादईच्या रानात पावसाळ्यात चमकणारी अळंबी उगवतात, कुजक्या लाकडावर, हिरवट उजेड. फोटोवाले येतात हल्ली मुद्दाम. शंकेखोरांना तेवढं पुरेल.

रानजाई (लेखिका):
मला दोन्ही हवंय. बुरशी पण आणि चूड पण.

वायंगण:
ताई निघायच्या आधी एक खेळ करूया का? तुमचे नियम लावून आपण सगळ्यांनी मिळून एक नवा राखणदार करायचा. जागा मी देतो: रायबंदर-पणजीचा जुना पूल, पोंत द लिन्यारीश, 1633-34 चा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाजन. रोज ट्रॅफिक जॅम.

कुंभारजुव्याची_होडी:
राखण: भरतीचं पाणी पुलाच्या कमानीतून किती आत सोडायचं ते त्याच्या हातात. रूप खेकड्याचं. बाजूला चालतो म्हणून दोन्ही बाजू एकदम सांभाळतो.

तांबडी_माती:
पाठीवर मिठाचा थर, म्हणून रात्री पांढरा दिसतो.

पेडणेकरीण:
मान काय? मिठागरातली पहिली मूठ. आणि एक कोरी वही, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवतो.

दर्यावर्दी:
हद्द नदीच्या मध्यापर्यंत. म्हणजे कॅसिनोच्या बोटी सरळ त्याच्या हद्दीत नांगर टाकून उभ्या. त्यांचा मान कोण देणार?

शंकेखोर:
बघा, आता मलाही इंटरेस्ट यायला लागला. थकबाकी किती वर्षांची झाली असेल?

काणकोणचे_काका:
व्याजासकट काढा रे.

रानजाई (लेखिका):
थांबा थांबा, हे मी घेतेय. नाही दिलं तर काय, तेवढं कुणी सांगितलं नाही अजून.

शिवोलीचो_पाव:
सोपं आहे. कमानी बंद करेल. ओहोटीच होऊ देणार नाही. बोटीवरच्या लोकांना उतरायला किनाराच सापडणार नाही, खेळत बसा म्हणेल.

रानजाई (लेखिका):
शिवोलीबाब, दुसऱ्या भागात हे प्रकरण येणार आणि आभारात तुमचं नाव.

शिवोलीचो_पाव:
नाव नको ताई, प्रत द्या. पहिला भागही मी लायब्ररीचा वाचलाय आणि परत करायची तारीख टळून गेलीय.